गार इंजिनाचा आवाज

१

पूर्ण गार झालेल्या इंजिनाला तुम्ही कधी कान लावून पाहिलाय का?

नसेलच. शहाणं माणूस कशाला लावेल? पण माझं निम्मं आयुष्य इंजिनांना कान लावण्यात गेलं. आमचे हे गॅरेज चालवतात, सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. वर्षानुवर्षं हातोडे आणि ग्राइंडर ऐकून त्यांच्या कानांनी केव्हाच राजीनामा दिला. मोठ्याने बोललेलं कळतं, बारीक आवाज कळत नाही. म्हणून आमची एक रीत पडली आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हे इंजिनावर टेकवतात आणि मूठ मी कानाशी धरते. ते टोक सरकवत जातात, मी सांगत जाते. "इथे किरकिर आहे. इथे काही नाही. इथे कुणीतरी दाणे भाजतंय." तेवढ्यावरून त्यांना आतला आजार समजतो.

आमचं घर गॅरेजच्या मागेच. स्वयंपाकघराचं दार उघडलं की समोर टायरांची रास आणि छताला टांगलेली साखळीची पुली. ती करडी गाडी आली तेव्हा मी त्या दारातच उभी होते. बसकी, दोनच माणसांची, नाक लांब. आमची एकुलती एक लेक तिच्याभोवती फेऱ्या मारत होती.

लेकीला हे भिंगरी म्हणतात. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवते. दिवसभर रांगत्या वेगाने फिरून तिचा जीव आंबून जातो, म्हणून सुट्टीच्या दिवशी तिला घाटातल्या शर्यतीत उतरायचं होतं. त्यासाठी ती विकत घेणार असलेली ही गाडी दातांच्या एका डॉक्टरांची होती. हवी तेवढी तपासा, इंजिन मूळचंच आहे, असं सांगून ते गाडी आमच्याकडे सोडून गेले.

"ह्या जातीच्या गाड्यांची इंजिनं लोक बदलतात," हे म्हणाले. "मूळच्यावर भागत नाही म्हणून मोठं बसवतात. गाडी पळते झकास. पण ब्रेक राहतात जुन्या इंजिनापुरते. घाट उतरताना मग देवाचं नाव घ्यायचं."

"मग नकोच ही गाडी," मी म्हटलं.

"आई, तुझं 'नको' हा काही पुरावा नाही," भिंगरी म्हणाली. "इंजिन बदललंय असा एक पुरावा दाखवा, गाडी परत. दिला शब्द. नाही सापडला तर रविवारी मी घाटात."

"एकच पुरावा?"

"एकच. पण हाताला लागणारा."

मी पदर खोचला. म्हटलं, शोधू.

२

हे आधी नंबरापाशी गेले. इंजिनावर ठोकलेला नंबर गाडीच्या नंबराशी जुळत होता. जुना आकडा घासून नवा ठोकला की आजूबाजूचा धातू वेगळा चकाकतो. इथे सगळीकडे सारखाच मळ. मग त्यांनी बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन खालच्या बैठका पाहिल्या. इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसतं त्यांना गॅरेजात फाउंडेशन म्हणतात. इंजिन काढायचं तर त्यांचे नट फिरवावे लागतात, आणि नट फिरवला की त्यावरचा रंग तडकतो. एकाही नटाचा रंग तडकलेला नव्हता.

"मूळचंच आहे," हे जरा नाराजीनेच म्हणाले. त्यांनाही पुरावा हवा होता, फक्त ते बोलून दाखवत नव्हते.

"चालू करा," मी म्हटलं.

आवाज मला ओळखीचा असायला हवा होता. हे तरुणपणी ज्या वर्कशॉपमध्ये कामाला होते, तिथे ह्या गाड्या यायच्या. मी ह्यांना भेटायला जायची आणि फाटकाशी उभी राहून ऐकायची. जाड कापड एका दमात फाडत न्यावं, तसा आवाज. मला आधी तो आवडला, तुम्ही नंतर, असं मी ह्यांना अजून चिडवते.

हा तो आवाज नव्हता. हा कोंडलेला होता. कुणी तोंडावर हात दाबून बोलावं तसा.

"सायलेन्सर भरला असेल," हे म्हणाले. त्यांनी सायलेन्सर उतरवला, झटकला, पुन्हा चढवला. फरक पडला नाही. मग चावी बंद करून ते हात धुवायला गेले. मी स्क्रूड्रायव्हर तसाच कानाशी धरून बसले. इंजिन निवताना टिक टिक वाजतं, तो आवाज मला आवडतो. पंखा बंद केल्यावर खोली शांत होत जाते ना, तसं वाटतं.

टिकटिक विरळ झाली आणि तिच्या खालून दुसरा आवाज वर आला.

कट-कट-कट. थांबला. कट-कट-कट.

नट फिरवायचा रॅचेटचा पाना मागे नेताना वाजतो तो आवाज. मी झोपेतही ओळखेन.

"अहो, रॅचेट कोण चालवतंय?"

हे टॉवेलला हात पुसत बाहेर आले आणि त्यांनी खिशातून रॅचेट काढून मला दाखवलं.

३

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अंधाऱ्या बोळातून एकटी येते-जाते. म्हणून आधी स्वतःच्याच कानांवर संशय घेतला. कोपऱ्यात दुरुस्तीला आलेली टॅक्सी उभी होती, तिच्या इंजिनाला कान लावला. काही नाही. मग वाटलं, शेजारच्या सुताराची ठोकाठोक जमिनीतून येत असेल. जाऊन पाहिलं तर सुतार स्वतःच रंधा मारलेल्या फळीवर आडवा होऊन घोरत होता. उंदीर म्हणावं, तर उंदीर कुरतडतो. मोजून तीनदा फिरवून दम घेत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिनावर हात ठेवला. माठासारखं गार. कान लावला. कट-कट-कट.

ह्यांना सांगितलं. हे हसले नाहीत. माझ्या कानावर त्यांचं पोट चालतं, हसून कसं चालेल? ते म्हणाले, "रेघा मारू."

ही ह्यांची जुनी सवय. नट आवळून झाला की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ मोडते आणि लांबूनही दिसतं. माझी डाळिंबी बाटली ह्यांनी केव्हाच गॅरेजात नेली आहे. माझ्या नखांपेक्षा त्यांच्या नटांनाच ती जास्त शोभली.

फाउंडेशनच्या प्रत्येक नटावर त्यांनी रेघ मारली. संध्याकाळी शटर मी स्वतः ओढलं आणि किल्ली उशाखाली ठेवली.

सकाळी रेघा मोडलेल्या होत्या. पत्र्यावरचा तुकडा जागच्या जागी, नटावरचा तुकडा बाजूला सरकलेला. सगळ्या नटांवर, सारख्याच मापाने, सैल होण्याच्या दिशेने.

"भिंगरे, तू हात लावलास का?" ह्यांनी विचारलं.

"मी लावला असता तर पुरता काढला असता, बाबा. असं अर्धवट काम करायला तुम्ही मला शिकवलंय का?"

"मग ही आई तुझी."

"आईच्याने लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाही."

ते खरंच होतं. ह्यांनी नट पुन्हा आवळले, इतके की कपाळावरची शीर उठली, आणि वर नव्या रेघा मारल्या. जेवणं होईपर्यंत त्याही सरकल्या होत्या.

भिंगरीने वाकून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "गाडी थरथरल्याने नट सैल होतात."

"उभी गाडी?"

"आई, नट सैल होणं म्हणजे इंजिन बदललं असं होत नाही ना."

तिचंही बरोबर होतं. ती कामावर गेली आणि मी चपला घातल्या.

४

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना छोटाच. बसायला बाक नव्हता, म्हणून मी रुग्णाच्या खुर्चीवर बसले. खुर्ची मागे कलली आणि दाखवायचं काही नसताना माझं तोंड उघडलं गेलं.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"दात नाही. मी मिस्त्रींच्या घरून आले. तुमच्या गाडीचं विचारायचं होतं."

ते हत्यारं ट्रेमध्ये मांडत होते. त्यांचा हात थांबला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या दोन्ही कानांत कापूस होता.

"आवाज येतो ना?" त्यांनीच विचारलं.

मी मान हलवली.

"मी गाडी घेतली तेव्हा अगदी खोलातून यायचा. मला वाटलं, उंदीर. आता कुठून येतो?"

"वरून. नटांपाशी."

त्यांनी एक चिमटा उचलून त्याच जागी परत ठेवला. "म्हणजे फार राहिलं नाही."

"कशाचं?"

"कामाचं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मी सरळ विचारलं, "डॉक्टर, इंजिन बदललेलं आहे का? माझी पोर त्या गाडीत बसणार आहे."

"मला विकणाऱ्याने मूळचं सांगितलं, तेच मी तुम्हाला सांगितलं. ताई, मी खोटं बोललो नाही. पण मी कधी उघडूनही पाहिलं नाही. मी फक्त नट आवळत राहिलो आणि तडकलेला रंग पुन्हा लावत राहिलो. आधी महिन्याने, मग आठवड्याने, मग रोज सकाळी."

"इंजिन बाहेर काढून पाहिलं तर चालेल?"

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. भले गृहस्थ होते, पण फार थकलेले.

"आवळत तरी राहा, नाहीतर काढा," ते म्हणाले. "मधलं काही नाही. काढलंत तर मला कळवा, ओढायची गाडी पाठवतो. तुमच्या मुलीला मात्र आत बसवू नका."

मी उठले. खुर्ची आपोआप सरळ झाली.

५

काढण्याआधी आत डोकावून बघू, असं हे म्हणाले. इंजिन उतरवणं म्हणजे मोठं काम. त्यांच्याकडे वायरच्या टोकाला बसवलेला बारीक कॅमेरा आहे, त्याला स्वतःचा छोटा दिवा असतो. प्लग काढून त्या भोकातून तो आत सोडायचा, आणि हातावर मावेल एवढ्या पडद्यावर आतलं दिसतं.

दुपारची वेळ होती. शटर पूर्ण उघडं, रस्त्यावर ऊन, पलीकडे सुतार कुणाशी तरी भांडत होता. मी हे मुद्दाम सांगते. अंधारात माणसाला काहीही दिसतं. तेव्हा अंधार नव्हता.

कॅमेरा आत गेला. पिस्टनचं काजळीने माखलेलं डोकं दिसायला हवं होतं. पडद्यावर सगळं तपकिरी, ओघळलेलं.

"काचेला तेल लागलं," हे म्हणाले. "काढून पुसतो."

त्यांनी वायरला हात घालायच्या आत पडद्यावरून काहीतरी गेलं. डावीकडून उजवीकडे, आणि परत. फडकं फिरवावं तसं. चित्र लख्ख झालं.

पिस्टन नव्हता. खाली उजेड होता.

"अहो, तुमचा दिवा बंद करा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच शांत वाटला. त्यांनी कॅमेऱ्याचा दिवा बंद केला. पडदा काळा व्हायला हवा होता. झाला नाही. पिवळट उजेड तसाच राहिला, आम्ही गॅरेजात तारेला टांगतो तसल्या दिव्याचा. त्या उजेडाखाली एक पाठ होती. कामावर ओणवलेल्या माणसाची असते तशी, खांदे जरा हलणारे. लांब होती, खूप लांब, एवढ्याशा इंजिनात न मावण्याइतकी लांब.

मग खांदे हलायचे थांबले आणि पाठ सावकाश सरळ होऊ लागली.

ह्यांनी वायर एका झटक्यात ओढून काढली.

आम्ही दोघं जमिनीवर बसलो. मी विचारलं, "काय दिसलं तुम्हाला?"

"काजळी."

"मलाही काजळीच."

वायर तेलाने माखली होती, ह्यांची बोटं काळी झाली होती. टोकाची काच मात्र कोरडी आणि स्वच्छ होती.

६

"काढूया," मी म्हटलं.

"आवळत राहू," हे म्हणाले. "रोज. मी आवळीन."

"आणि रविवारी ती घाटात असताना कोण आवळणार?"

शनिवारी भिंगरी सुट्टी घेऊन आली, बाह्या सारल्या आणि म्हणाली, "एवढं करून मूळचंच निघालं तर आई, तू माझ्याबरोबर घाटात यायचंस. शेजारच्या सीटवर."

"येईन," मी म्हटलं.

पाइप सुटे केले, वायरी सोडवल्या, साखळ्या अडकवल्या. फाउंडेशनच्या नटांशी हे सगळ्यात मोठा पाना घेऊन वाकले. पाना लागलाच नाही. नट बोटांनीच निघाले.

"आपलं निम्मं काम कुणीतरी करून ठेवलंय," भिंगरी गमतीने म्हणाली.

पुलीची साखळी खडखडत ओढली, इंजिन डुलत वर आलं, आणि आम्ही ते कोपऱ्यातल्या लोखंडी स्टँडवर उतरवलं. मग तिघंही बॅटरी घेऊन रिकाम्या खळग्यात वाकलो.

पुरावा समोरच होता. ज्या बैठकांवर हे इंजिन बसलं होतं त्या नंतर जोडलेल्या होत्या, वेल्डिंगची माळ स्पष्ट दिसत होती, वरून रंग फासलेला. मूळच्या बैठका त्यांच्या मागे, वीतभर आत. इंजिन वर असताना त्या कुठल्याही आरशात दिसल्या नसत्या. म्हणजे इंजिन बदललेलं होतं. नंबर ठोकणारा हात कसबी होता, एवढंच.

भिंगरीने वेल्डिंगवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा लहानपणी खेळणं मोडल्यावर व्हायचा तसा झाला. पण ती शब्दाची पक्की आहे.

"ठरलं ते ठरलं," ती म्हणाली. "गाडी परत. जिंकलीस, आई." आणि ती डॉक्टरांना फोन लावायला बाहेर गेली.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, घटकाभर. मग ह्यांनी बॅटरी त्या जुन्या बैठकांवर धरली आणि माझ्या कोपराला हात लावला.

कित्येक वर्षं रिकाम्या पडलेल्या बैठका गंजायला हव्या होत्या. पण ह्या बैठकांवर ताजं ग्रीस होतं. रबर नवं होतं. प्रत्येक बैठकीवर नट चढवलेला, पूर्ण आवळलेला. वर काहीच नसताना आवळलेला. हे पाना लावून बघायला वाकले आणि थांबले, कारण प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक सरळ डाळिंबी रेघ ओढलेली होती.

मी रेघेला नख लावलं. ती अजून ओली होती.

"ह्या मी मारलेल्या नाहीत," हे हळूच म्हणाले.

"मला माहीत आहे."

बाटली खिडकीत होती, झाकण घट्ट बसलेलं. मी स्क्रूड्रायव्हर आणला. हे नको म्हणाले. तरी मी टोक जुन्या बैठकीवर टेकवलं आणि मूठ कानाशी धरली.

रॅचेट थांबलं होतं. इतके दिवस ऐकलेला तो आवाज आता कुठेच नव्हता. काम आटोपल्यावर माणूस हत्यारं गोळा करतो, एकेक पेटीत ठेवतो, तसे थोडे बारीक आवाज आले. मग पेटीचं झाकण लागलं.

तेव्हा मला कळलं की डॉक्टर नट का आवळत होते. जुनं इंजिन परत बसवायचं तर नंतर बसवलेलं हे आधी निघायला हवं होतं. ते आम्ही काढून दिलं होतं, तिघांनी मिळून, भर दुपारी.

"काही ऐकू येतं का?" ह्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "उद्या सकाळी ही गाडी फाटकाबाहेर गेली पाहिजे. लेक तिला हात लावणार नाही."

त्यांनी मान हलवली. बॉनेट मी दोन्ही हातांनी दाबून बंद केलं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पाठवलेली ओढायची गाडी फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. मी दोर आणायला मागच्या खोलीत गेले होते आणि हे मागून ढकलायला उभे होते. स्टिअरिंगचं कुलूप सुटल्याशिवाय चाकं वळत नाहीत, म्हणून आम्हाला कळायच्या आत भिंगरी आत जाऊन बसली आणि तिने चावी फिरवली. गाडी सुरू झाली. इंजिन कोपऱ्यात स्टँडवर होतं. मी धावत येऊन दार उघडलं आणि लेकीला दंडाला धरून बाहेर काढलं. आवाज अगदी बरोबर होता, जाड कापड एका दमात फाडत न्यावं तसा.